तापट खेळाडूला काढले की संघ सुधारतो का?

प्रत्येक वस्तीत, प्रत्येक कारखान्यात, एवढेच काय, प्रत्येक घरातही एखादे माणूस असे असते की ज्याच्यावाचून काम अडते आणि ज्याच्यामुळे भांडणही पेटते. हाताला गुण आहे, पण जिभेला लगाम नाही. अशा माणसाचे करायचे काय? सांभाळून घ्यायचे, की हात जोडून 'बाबा रे, तू तुझी वाट धर' म्हणायचे? हा प्रश्न आपल्याला नवा नाही. भावकीत, युनियनमध्ये, मंडळाच्या बैठकीत तो आपण शंभर वेळा चघळलेला आहे. अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या एका संघापुढे हाच प्रश्न सात वर्षे उभा होता. त्या संघाने त्याचे जे उत्तर दिले, त्यावर आमच्या घरात आजही वाद होतो. तो वाद तुमच्यापुढे मांडावा म्हणून हा लेख.

तुम्ही म्हणाल, औषधाच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात चोवीस वर्षे काढलेल्या बाईचा अमेरिकेच्या बास्केटबॉलशी काय संबंध? संबंध माझ्या धाकट्या मुलीचा. ती खेळते. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या एनबीए या स्पर्धेतले दोन संघ मुंबईत आले होते, सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स. ४ आणि ५ ऑक्टोबरला वरळीच्या डोममध्ये त्यांचे दोन सराव सामने झाले. तेव्हा आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीत राहत होतो. पहिला सामना खास शाळकरी मुलामुलींसाठी होता आणि सुमारे तीन हजार मुले तो पाहायला बसली होती. त्यांत आठवीतली माझी मुलगीही होती. किंग्ज एका गुणाने हरले, १३२-१३१. घरी आली ती घसा बसवूनच. त्या दिवसापासून हा हरणारा संघ आमच्या घरात पाहुण्यासारखा आला आणि भाडेकरूसारखा राहिला.

या संघाचे मालकही मुंबईचेच. विवेक रणदिवे यांचा जन्म मुंबईत १९५७ साली झाला. सोळाव्या वर्षी ते अमेरिकेला शिकायला गेले, संगणकाच्या धंद्यात मोठे झाले आणि २०१३ साली त्यांच्या गटाने हा संघ विकत घेतला. तेव्हा संघाची किंमत ५३ कोटी ४० लाख डॉलर धरली होती. एनबीएच्या संघाचे प्रमुख मालक होणारे ते पहिले भारतीय वंशाचे गृहस्थ. आमच्या मुलीला त्याचे फार कौतुक. मला मात्र मालक कोण यापेक्षा तिथे कामाला असलेल्यांचे काय झाले, हे जाणून घेण्याची जास्त हौस. सवयीचा परिणाम.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका वेळी मैदानात पाच जण खेळतात. एनबीएत तीस संघ आहेत आणि एका हंगामात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. त्यातले चांगले संघ पुढच्या बाद फेरीत जातात. जे संघ खाली राहतात, त्यांना पुढच्या वर्षी नव्या पोरांची निवड करताना आधी पाळी मिळण्याची शक्यता जास्त असते. म्हणजे हरणाऱ्यालाही आशा ठेवलेली आहे. म्हणूनच एखादा संघ ठरवून जुने खेळाडू देऊन टाकतो, तरणी पोरे गोळा करतो आणि दोन-चार वर्षे मार खात वाट पाहतो. याला ते लोक संघाची नवी उभारणी म्हणतात.

आणि ट्रेड म्हणजे काय? मुलीने मला समजावले, 'आई, ट्रेड म्हणजे खेळाडूंची अदलाबदल.' मी म्हटले, 'म्हणजे बदली.' ती हसली, पण शब्द बरोबरच आहे. रात्री फोन येतो आणि सकाळी माणूस दुसऱ्या गावच्या संघाचा होतो. बहुतेक खेळाडूंची संमती विचारावी लागत नाही. पगार तोच राहतो, बाकी बायकामुले, शाळा, शेजार, सगळे हलवायचे. कोट्यवधी मिळवणारा असला तरी बदलीच्या कागदापुढे तो आपल्यासारखाच.

आता या गोष्टीतला मुख्य माणूस. डिमार्कस कझिन्स. जन्म १३ ऑगस्ट १९९०, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातले मोबील शहर. काळ्या कुटुंबातला, आईने वाढवलेला. सात फुटाला थोडाच कमी, अंगाने पहाड, पण हात लोण्यासारखे मऊ. एवढ्या देहाचा माणूस चेंडू इतक्या नजाकतीने टाकतो हे पाहून माझे यजमानही वर्तमानपत्र बाजूला ठेवत. केंटकी विद्यापीठात एक वर्ष खेळला आणि २०१० च्या निवडीत पाचव्या क्रमांकावर किंग्जने त्याला घेतले. हा संघ २००६ नंतर बाद फेरीत गेलेलाच नव्हता. अशा पडक्या घरात हा एकोणीस वर्षांचा मुलगा आला.

त्याचा गुण किती होता ते आधी सांगते. २०१५, २०१६ आणि २०१७ अशी तीन वर्षे किंग्जकडून त्याची अखिल अमेरिकेच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड झाली. जानेवारी २०१६ मध्ये त्याने एका सामन्यात ५६ गुण केले, आणि तरीही संघ एका गुणाने हरला. त्याच वर्षी रिओच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या संघातून त्याने सुवर्णपदक मिळवले. २०१७ च्या फेब्रुवारीत तो दर सामन्याला सुमारे २८ गुण करीत होता.

आता त्याचा दोष. तोही लपवायचे कारण नाही. पहिल्याच हंगामात सामना हरल्यावर सहकाऱ्याशी त्याची हातापायी झाली आणि त्याला संघाबरोबर विमानात बसू दिले नाही. २०१२ च्या अखेरीस मध्यंतरात प्रशिक्षकाशी त्याची अशी जुंपली की संघाने त्याला निलंबित केले. पंचांशी हुज्जत तर रोजची. एनबीएत गैरवर्तनाबद्दल पंच जो 'टेक्निकल' दंड देतात, तो एका हंगामात सोळा वेळा झाला की एक सामना बाहेर बसावे लागते. २०१७ च्या फेब्रुवारीत, हंगाम निम्म्याच्या थोडा पुढे गेला असताना, त्याने हा आकडा गाठला होता. त्याआधी दोन महिने एका पत्रकाराला धमकावल्याबद्दल संघाने त्याला ५० हजार डॉलर दंड केला. त्या पत्रकाराने आपल्या लेखात कझिन्सच्या भावाचा विषय काढला होता. भावाबद्दल कोणी लिहिले तर राग येणे मी समजू शकते. पण राग येणे वेगळे आणि समोरच्याच्या अंगावर जाणे वेगळे.

हिशेब सांगायचा तर सात हंगामांत या संघाने एकदाही ३३ पेक्षा जास्त सामने जिंकले नाहीत. पहिल्या वर्षी २४ जिंकले, सहाव्या वर्षी ३३. मग लोक म्हणू लागले, एवढा मोठा खेळाडू असून संघ वर येत नाही, तर दोष त्याचाच. तो काढा, वातावरण स्वच्छ होईल.

इथे मला माझ्या खात्याची आठवण येते. आमच्या पॅकिंगच्या पट्ट्यावर एक बाई होती. गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरण्यात तिचा हात कोणाला धरता येत नसे. आम्ही तीन खोकी भरेपर्यंत तिची पाच. पण तोंड असे की सुपरवायझर तिच्यासमोरून जाताना नजर खाली घालत. बायकांच्या संडासाला आतून कडी नव्हती, ती लावून घेण्यासाठी तिने मॅनेजरच्या दारात आवाज चढवला. कडी लागली. चहाची सुट्टी दहा मिनिटांची पाच करायला निघाले, तेव्हाही तीच उभी राहिली. पण नवीन मुली आल्या की त्यांच्यावरही हीच ओरडायची. 'हात आहेत की लाकडे?' दोन मुली तर रडून काम सोडून गेल्या. एक दिवस तिची बदली बाटल्या धुण्याच्या खात्यात झाली. आम्ही चौघीजणी युनियनच्या ऑफिसात जाऊन आलो, पण बदली काही रद्द झाली नाही. मग पट्ट्यावर शांतता आली. नवीन मुली मोकळेपणाने हसू लागल्या, हे खरे. आणि तीन महिन्यांत चहाची सुट्टी पाच मिनिटांची झाली, हेही खरे. ओरडणारे माणूस गेले की दोन्ही गोष्टी होतात. आपल्याला सोयीची असेल तेवढीच एक मोजणारे बरेच असतात.

किंग्जची गोष्ट तशीच दोन्ही बाजूंनी मोजायला हवी. कझिन्स तिथे होता त्या काळात संघाचे मालक बदलले, संघाचा कारभार पाहणारे व्यवस्थापक तीन झाले आणि प्रशिक्षक सहा झाले. वेस्टफाल, स्मार्ट, मलोन, कॉर्बिन, कार्ल आणि जोर्गर. सात हंगामांत सहा! आपल्या मुलाला शाळेत सात वर्षांत सहा वर्गशिक्षक मिळाले, प्रत्येकाची शिस्त वेगळी, प्रत्येकाचा आवडता विद्यार्थी वेगळा, तर त्या मुलाचे काय होईल? आणि तो मुलगा मुळातच तापट असेल तर?

या सहांपैकी मायकेल मलोन यांच्याशी त्याचे चांगले जमले. २०१४ च्या हंगामाची सुरुवात झाली तेव्हा पहिल्या पंधरांपैकी नऊ सामने संघाने जिंकले. लोकांना वाटले, आता गाडी रुळावर आली. तेवढ्यात कझिन्सला मेंदूच्या आवरणाला सूज येण्याचा विषाणूजन्य आजार झाला आणि तो अंथरुणाला खिळला. त्याच्यावाचून संघ नऊपैकी सात सामने हरला. आणि डिसेंबरमध्ये, तो आजारातून उठून मैदानावर परतण्याआधीच, संघाने मलोन यांना काढून टाकले. ज्या एका माणसाचे तो ऐकत होता, तोच माणूस घराबाहेर! हेच मलोन पुढे डेन्व्हरच्या संघात गेले आणि २०२३ साली त्यांनी त्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिले. म्हणजे माणसात काही कमी नव्हते. घराला धीर नव्हता.

मलोन यांच्यानंतर लवकरच जॉर्ज कार्ल आले. २०१५ च्या उन्हाळ्यात बातम्या फुटल्या की कार्ल कझिन्सला दुसरीकडे पाठवण्याच्या विचारात आहेत. ज्याच्या हाताखाली खेळायचे, तोच आपल्याला विकायला निघाला आहे हे कळल्यावर कोणाचे मन कामात लागेल? पुढचा हंगाम शिवीगाळीत गेला. कार्लही गेले.

मग आला २०१७ चा फेब्रुवारी. संघाचा कारभार तेव्हा व्लादे दिवाच यांच्याकडे होता. ते स्वतः याच संघाचे एकेकाळचे नावाजलेले खेळाडू. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी जाहीरपणे सांगितले की कझिन्सला आम्ही विकणार नाही. दोन आठवड्यांनी, १९ फेब्रुवारीला, निवडक खेळाडूंचा सामना न्यू ऑर्लिन्स शहरात झाला. कझिन्स त्यात खेळला. आणि त्याच रात्री बातमी आली की त्याला त्याच न्यू ऑर्लिन्सच्या पेलिकन्स संघाला देऊन टाकले आहे. त्याच्यासोबत ओम्री कास्पीही गेला. बदल्यात किंग्जला मिळाले बडी हील्ड, टायरीक इव्हान्स, लँग्स्टन गॅलोवे आणि पुढच्या निवडीतल्या दोन पाळ्या. दिवाच यांनी कारण दिले ते चारित्र्याचे आणि संघाच्या संस्कृतीचे. वर हेही बोलून गेले की दोन दिवसांपूर्वी याहून चांगला सौदा हाती आला होता. बाजारात मासळी विकणारी बाईसुद्धा गिऱ्हाइकासमोर असे बोलणार नाही.

यामागे पैशाचाही हिशेब होता, तो समजून घेतला पाहिजे. नव्या नियमांनुसार त्या उन्हाळ्यात किंग्ज त्याला पाच वर्षांसाठी सुमारे २० कोटी ९० लाख डॉलरचा करार देऊ शकत होते. दुसऱ्या संघात बदली झाली की तो हक्क संपणार होता. म्हणजे संघापुढे सरळ प्रश्न होता. या माणसावर एवढी रक्कम लावायची, की तो फुकट निघून जाण्याआधी मिळेल ते घेऊन मोकळे व्हायचे? कारभारी म्हणून हा प्रश्न पडणे काही गुन्हा नाही. घर चालवणाऱ्या प्रत्येक बाईला असे प्रश्न पडतात.

माझ्या मुलीचे मत असे की विकले ते बरोबरच केले. तिचा मुद्दा मी इथे तिच्याच शब्दांत देते, कारण तो खोडून काढणे मला जड जाते. ती म्हणाली, 'आई, तू बघणारी आहेस, मी खेळणारी आहे. तुला त्याचे ५६ गुण दिसतात. मला त्याच्या बाजूची चार पोरे दिसतात. चेंडू चुकला की तो हात उडवून सगळ्या लोकांसमोर त्यांना लाज आणणार. मग पुढच्या वेळी ती पोरे चेंडू मागतच नाहीत. नवीन पोरांना तो संघ घडवायचा होता ना? भीतीत कोण घडतो?' तिच्या स्वतःच्या संघातही अशी एक मुलगी आहे. सगळ्यांत चांगली तीच खेळते, आणि तिच्यामुळेच दोघीजणी सरावाला यायच्या बंद झाल्या. माझी मुलगी त्या संघाची कप्तान आहे. हा प्रश्न तिला पुस्तकातला नाही, रोज संध्याकाळी मैदानावर भेटणारा आहे.

मी तिला म्हटले, 'पोरी, तुझे म्हणणे खरे आहे. पण त्या मुलीला काढण्याआधी तिला कोणी एकदा तरी बाजूला घेऊन बोलले का? की सगळ्या मिळून नुसत्या पाठीमागे बोलता?' ती गप्प झाली. मग म्हणाली, 'सरांना वेळ नसतो.' मी म्हटले, 'किंग्जच्या सरांनाही नव्हता. ते तर दर वर्षी नवेच असत.'

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. 'रागीट', 'उद्धट', 'डोक्यात हवा गेलेला' ही विशेषणे कोणाला चटकन चिकटतात, हे आपल्या लोकांना सांगायला नको. वरच्या घरातला मुलगा टेबलावर हात आपटून बोलला तर तो बाणेदार, आणि आपला मुलगा तसे बोलला तर तो माजलेला. अमेरिकेत काळ्या माणसाला हा अनुभव जन्मापासून येतो. ज्या अलाबामात कझिन्स वाढला, त्याच राज्यात १९५५ साली रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. किंग्जचे सामने वर्षानुवर्षे टीव्हीवर सांगणारे समालोचक ग्रँट नेपिअर यांना २०२० साली कझिन्सनेच विचारले की काळ्या लोकांच्या आंदोलनाबद्दल तुमचे मत काय? सगळ्यांचेच जीव मोलाचे असतात, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. जखम एकाला झाली असताना सगळ्यांना मलम लावण्याची ही भाषा आपल्याही ओळखीची आहे. त्यावर मोठा गदारोळ होऊन नेपिअर यांना आपली जागा सोडावी लागली. २०१८ साली सॅक्रामेंटोत स्टेफन क्लार्क हा काळा तरुण पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला, तेव्हा त्याच्या अंत्यसंस्काराचा खर्च द्यायला कझिन्स पुढे झाला. वर्षभरापूर्वी ज्या शहराने त्याला निरोपही न देता पाठवले, त्याच शहरातल्या घराचे दुःख त्याने आपले मानले. चारित्र्य म्हणतात ते यातही असते.

पण म्हणून प्रत्येक आरडाओरड्याला बंड म्हणू नये, हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगते. अन्यायाविरुद्ध आवाज चढवणे आणि आपल्याच बाजूच्या दुबळ्याला घालून पाडून बोलणे या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत. आमच्या खात्यातली ती बाई मॅनेजरच्या दारात उभी राहिली तेव्हा ती आमची होती. नव्या मुलींवर ओरडली तेव्हा ती दुसऱ्या सुपरवायझरसारखीच होती. माणूस एकच, पण कामे दोन. कझिन्सचेही तसेच.

बदलीनंतर काय झाले? वाचकांना उत्सुकता असेल. त्या हंगामातले उरलेले २५ सामने किंग्ज खेळले, त्यांतले आठ जिंकले. तापट माणूस गेला म्हणून संघ वर आला नाही. पुढेही पाच हंगाम बाद फेरी हुकलीच. सलग सोळा हंगाम बाहेर राहण्याचा एनबीएतला विक्रम या संघाच्या नावावर लागला. तिकडे कझिन्स न्यू ऑर्लिन्समध्ये उत्तम खेळत होता. २६ जानेवारी २०१८ ला सामन्याच्या अखेरच्या क्षणांत त्याच्या घोट्यामागची मोठी शीर तुटली. मग ज्या माणसाला २० कोटी ९० लाख डॉलर मिळण्याची आशा होती, त्याने त्या उन्हाळ्यात एका वर्षासाठी ५३ लाख डॉलरवर गोल्डन स्टेटच्या संघात सही केली. पुढच्याच वर्षी मांडीचा स्नायू फाटला, मग गुडघा गेला. नंतर तो या संघातून त्या संघात फिरत राहिला, पण पूर्वीचा कझिन्स परत दिसला नाही. श्रम करणाऱ्याचे भांडवल म्हणजे त्याचे शरीर. ते मोडले की बाजारभाव एका रात्रीत उतरतो, मग तो गिरणीतला असो की मैदानातला.

काही लोक यावरून म्हणतात, बघा, दिवाच शहाणे ठरले, वेळेत विकले. मला हे पटत नाही. कोणाची शीर तुटणार हे कोणाला ठाऊक असते? एखाद्याने घर विकले आणि वर्षाने भूकंप झाला, तर त्याला आपण दूरदर्शी म्हणत नाही, नशीबवान म्हणतो. निर्णय बरा की वाईट हे त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवरून ठरवायचे असते.

दुसऱ्या बाजूचाही न्याय केला पाहिजे. त्या सौद्यात आलेला बडी हील्ड लांबून चेंडू टाकण्यात तरबेज निघाला. २०२२ च्या फेब्रुवारीत किंग्जने हील्ड आणि टायरीस हॅलिबर्टन या तरुण गुणी खेळाडूसह आणखी एक जण इंडियानाला दिला आणि डोमांतास सबोनिसला आणले. २०१७ च्या निवडीत आलेला डिआरन फॉक्स आणि हा सबोनिस यांच्या जोरावर, माइक ब्राउन या प्रशिक्षकाच्या हाताखाली, २०२२-२३ च्या हंगामात संघाने ४८ सामने जिंकले आणि सोळा वर्षांचा वनवास संपला. जिंकले की मैदानावरून आकाशात जांभळा झोत सोडायचे. मुलगी सकाळी मोबाईलवर तो झोत दाखवायला मला ओट्याजवळ यायची. बाद फेरीत सातव्या सामन्यात हरले, पण मान वर करून हरले.

मग झाले का भले? नाही. पुढच्या दोन हंगामांत बाद फेरी पुन्हा हुकली. डिसेंबर २०२४ मध्ये ब्राउन यांना काढले. फेब्रुवारी २०२५ मध्ये फॉक्सही दुसऱ्या संघात गेला. फॉक्स काही तापट नव्हता, पंचांशी भांडत नव्हता. तरी तोही टिकला नाही. म्हणून मी म्हणते, दुखणे एका माणसात नव्हते. ते घराच्या पायात होते.

तेव्हा अशा प्रसंगी काय करावे? माझ्या अल्पबुद्धीला तीन प्रश्न सुचतात. पहिला प्रश्न स्वतःला. या माणसाला आपण स्थिर घर दिले का? ज्याचे तो ऐकतो असा एखादा माणूस त्याच्याजवळ टिकू दिला का? दुसरा प्रश्न त्याच्या रागाचा. तो राग वरच्यांवर निघतो की खालच्यांवर? वरच्यांवर निघत असेल तर आधी त्याचे ऐकून घ्या, कदाचित संडासाला खरोखरच कडी नसेल. खालच्यांवर निघत असेल तर त्याला ठणकावून सांगा, मुदत द्या, आणि तरी सुधारला नाही तर दूर करा. कारण एका गुणवानासाठी चार उमलत्या पोरांचा बळी देता येत नाही. तिसरा प्रश्न वेळेचा. निर्णय रागाच्या भरात, रात्री, त्याच्या पाठीमागे होत आहे का? तसे असेल तर तो सकाळपर्यंत थांबवा. आज 'नाही विकणार' म्हणायचे आणि पंधरा दिवसांनी विकायचे, याने गेलेला माणूस दुखावतो तो दुखावतोच, पण राहिलेल्यांचा विश्वास उडतो. उद्या आपली पाळी, असे प्रत्येकाला वाटू लागते. आणि भीतीत संघ उभा राहत नाही, हे माझ्या मुलीचेच वाक्य.

किंग्जने कझिन्सला विकले याचा मला राग नाही. २०१७ पर्यंत दोन्हीकडून इतके बिनसले होते की कदाचित दुसरा मार्ग उरलाही नसेल. पण २०१४ साली मार्ग होता, तो त्यांनी स्वतःच्या हाताने बुजवला, आणि तीन वर्षांनी नाव मात्र त्याच्या चारित्र्याचे घेतले. मुलगी अजूनही म्हणते की मी भावनेच्या भरात बोलते. असेल. पण तिने तिच्या संघातल्या त्या मुलीला अजून काढलेले नाही. महिनाभराची मुदत दिली आहे आणि सरावानंतर तिच्यासोबत बसने परत येते. वाटेत काय बोलतात ते मी विचारत नाही.

वाचकहो, आपली मंडळे, आपल्या संस्था, आपली घरे यांनाही नव्याने उभे राहायचे आहे. त्यात गुणी आणि तापट माणसे भेटणारच, कारण ज्यांनी सोसले आहे त्यांच्यात ताप असतोच. त्यांना ठेवा की पाठवा, ते परिस्थिती पाहून ठरवा. पण त्याआधी आपल्या घराचा पाया एकदा ठोकून बघा. पोकळ वाजला तर माणूस बदलून उपयोग नाही.